कुमगार, पंगत आणि पुढचं गौरव: एका विधीकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसं बघावं

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: 'विषय धर्माचा आहे, विधीचा आहे, त्यात इतिहास कुठे शोधायचा?' विधी म्हटला की तो दरवर्षी, दर आठवड्याला तसाच होतो असं आपण धरून चालतो. जे बदलत नाही त्याचा इतिहास काय लिहिणार? आज एकाच विधीवर बोलू या: ख्रिस्ती कम्युनियन. आणि तेही लांब युरोपात न जाता आपल्या सिंधुदुर्गच्या, म्हणजे मालवण-वेंगुर्ला-सावंतवाडीच्या किनाऱ्यावर उभं राहून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कम्युनियन म्हणजे एका बाजूने आजची पंगत आणि दुसऱ्या बाजूने उद्याचं आश्वासन. कोकणात 'कोण कोणाबरोबर जेवतो' हा साधा प्रश्न कधीच नव्हता. त्यामुळे या विधीचा इतिहास म्हणजे ते आश्वासन आणि ती पंगत यांच्यातल्या अंतराचा इतिहास. हे अंतर मोजायचं कसं, हा आजचा विषय.

आधी शब्द बघा

संशोधनात शब्दांपासून सुरुवात करणं कधीच वाया जात नाही. गोव्याच्या कोंकणीत कम्युनियनला 'कुमगार' म्हणतात आणि त्याआधी करायच्या पापकबुलीला 'कुमसार'. दोन्ही शब्द पोर्तुगीज क्रियापदांवरून आलेले आणि कोंकणी जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये याच विधीला 'प्रभुभोजन' म्हणतात. मराठी कॅथलिक वापरात 'ख्रिस्तप्रसाद' हा शब्दही आहे, आणि रोजच्या बोलण्यात सरळ 'कम्युनियन'.

आता या शब्दांकडे नीट बघा. 'कुमगार' हा परका शब्द आहे. त्यात जेवणाचा भास नाही. 'प्रभुभोजन' म्हटलं की ताट, पान, पंगत डोळ्यांसमोर येते. 'प्रसाद' म्हटलं की देवळातला तळहातावरचा कण आठवतो. प्रसाद सगळ्यांना मिळतो, पण तो घेतला म्हणून सगळे एका पंगतीला बसले असं होत नाही. तीन शब्द, तीन वेगवेगळे सामाजिक अर्थ. धर्मशास्त्र एकच सांगत असेल, ऐकणाऱ्याला मात्र वेगळंच ऐकू गेलं असणार.

'गौरव' हा शब्दही तसाच. मराठी बायबलमध्ये देवाच्या तेजाला आणि विश्वासणाऱ्यांना पुढे मिळणाऱ्या वैभवाला 'गौरव' म्हटलं आहे. आपल्या रोजच्या मराठीत गौरव म्हणजे चारचौघांत झालेला मान. ज्या माणसाला गावात कधी मान मिळाला नाही, त्याच्या कानावर 'पुढे गौरव आहे' हे शब्द कसे पडले असतील? हा भाषेचा प्रश्न वाटतो, पण तो थेट सामाजिक इतिहासात नेऊन सोडतो.

सिद्धांत थोडक्यात: एका विधीत तीन काळ

सिद्धांत माहीत नसेल तर विधीचं काय बदललं हे कळत नाही, म्हणून थोडं थांबू.

1264 मध्ये पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण संपूर्ण पाश्चात्त्य चर्चसाठी लागू केला. त्या सणासाठी रचलेल्या आणि थॉमस अॅक्वायनस यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या एका छोट्या लॅटिन प्रार्थनेत कम्युनियनचे तीन काळ एकत्र येतात. मागे वळून पाहिलं तर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची आठवण. आत्ता, घेणाऱ्याला मिळणारी कृपा. आणि पुढे, येणाऱ्या गौरवाचा विसार. 'विसार' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. घर किंवा जमीन घेताना आपण विसार देतो, म्हणजे व्यवहार ठरला, पूर्ण व्हायचा बाकी आहे. कम्युनियन हा असा विसार आहे. स्वर्गातली मेजवानी अजून यायची आहे, पण तिचा पहिला घास आज हातात आहे.

मुळात हा विधी पंगतीच्या भांडणातूनच आपल्याला नीट कळतो. पहिल्या शतकाच्या मध्यावर पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात त्याची तक्रार अशी की तुम्ही एकत्र जमता, पण काही जण आधीच पोटभर खाऊन-पिऊन मोकळे होतात आणि काही उपाशी राहतात. गरिबाला लाजवणारी पंगत ही प्रभूची पंगत नव्हे, असा त्याचा रोख आहे. आणि त्याच जागी तो सांगतो की हा विधी प्रभू परत येईपर्यंत करायचा आहे. म्हणजे पंगतीतली विषमता आणि भविष्याची आशा हे दोन्ही विषय पहिल्यापासून एकाच कागदावर आहेत. कोकणाने ते नव्याने जोडले नाहीत.

हा किनारा आणि गव्हाची भाकर

सिंधुदुर्गातली कॅथलिक वस्ती गोव्याशी जोडलेली आहे. नाती, भाषा, सण आणि दीर्घ काळ चर्चचा कारभारसुद्धा. स्वतंत्र सिंधुदुर्ग धर्मप्रांत 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. दुसरीकडे वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आलं, दवाखाना चालवला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि भारतातले अमेरिकेचे राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन 1919 मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मले, मिशनरी डॉक्टरच्या घरी. म्हणजे एकाच जिल्ह्यात कुमगारही आहे आणि प्रभुभोजनही.

आता एक साधी भौतिक गोष्ट. कॅथलिक नियमानुसार कम्युनियनची भाकर गव्हाचीच लागते आणि द्राक्षारस द्राक्षाचाच. आपला किनारा तांदूळ, नाचणी, नारळ आणि कोकमाचा. म्हणजे या विधीचे दोन्ही पदार्थ बाहेरून आणावे लागणार. ज्या समाजात 'कोणी रांधलं, कुठलं पाणी घातलं' यावरून माणसाची जात टिकते किंवा जाते, तिथे बाहेरून आलेली भाकर हा केवळ स्वयंपाकाचा मुद्दा राहत नाही.

पाव खाल्ला म्हणजे काय झालं?

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-कोकणात पाव म्हणजे ख्रिस्ती भटारखान्यातला पदार्थ. सनातनी घरात तो वर्ज्य. म्हणूनच 1849 च्या सुमाराला दादोबा पांडुरंगांनी मुंबईत स्थापलेल्या परमहंस सभेत नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभा गुप्त होती. जात मानत नाही हे तोंडाने सांगणं पुरेसं नव्हतं, ते तोंडात घालून दाखवावं लागे. या सभेत जाणाऱ्यांपैकी एक तरुण बाबा पदमनजी 1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. बाकीचे बहुतेक ख्रिस्ती झाले नाहीत. पण बघा, चर्चच्या बाहेर, ख्रिस्ती न होता, पावाचा एक तुकडा हाच प्रवेशविधी झाला होता. त्यातही एक भविष्य होतं: जातीविना समाज.

याच्या आधीचं प्रकरण 1843 चं. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत स्कॉटिश मिशनकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तरीही मुंबईच्या हिंदू समाजात मोठं वादळ उठलं, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं, या बाजूने उभे राहिले बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण'चे संपादक, जन्म 1812, गाव पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्गातला देवगड तालुका. सनातन्यांचा विरोध कडवा होता आणि बाळशास्त्रींना तो सोसावा लागला.

या प्रकरणातून संशोधकाने काय घ्यायचं? धर्मांतराची सीमारेषा मिशनरी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बघत होते, तर समाज ती ताटात बघत होता. दोघांची घड्याळं वेगळी. मिशनच्या कागदात श्रीपत 'अजून ख्रिस्ती नाही', जातीच्या लेखी तो 'गेलेलाच'. तुम्ही फक्त बाप्तिस्मा रजिस्टर वाचलं तर हा मुलगा तुम्हाला दिसणारच नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' याच नजरेने पुन्हा वाचा. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे परतल्या, पण काही काळ त्यांनी सोवळं आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. जातिभेद मनातून सुटला, हातचं खाणं-पिणं सुरू झालं, आणि मग 1900 मध्ये बाप्तिस्मा झाला. ताट आधी, पाणी नंतर. शास्त्रात क्रम उलटा आहे: आधी बाप्तिस्मा, मग प्रभुभोजन. जगण्यातला क्रम तसा नव्हता.

आत गेल्यावर: प्याला आणि कोंफ्रारिया

बरं, माणूस चर्चच्या आत गेला. आता पंगत एक झाली का?

इथे एक तुलना फार उपयोगी पडते. प्रोटेस्टंट मंडळीत भाकरीबरोबर प्यालाही सर्वांना मिळतो. पूर्वी बहुधा एकच प्याला, हातोहात फिरणारा. उष्ट्याची कल्पना जिथे रक्तात मुरलेली, तिथे हा प्याला म्हणजे परीक्षाच. दक्षिणेत तंजावर-मद्रास भागात यावरून मोठा संघर्ष झाला. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद मंडळीत आणि प्रभुभोजनात मुळीच चालणार नाही, असं पत्राने बजावलं, आणि अनेक कुटुंबांनी मंडळी सोडली.

कॅथलिक चर्चमध्ये असा प्याल्याचा वाद का दिसत नाही? कॅथलिक लोक जास्त समतावादी होते म्हणून? तसं म्हणायची घाई नको. 1415 च्या कॉन्स्टन्स परिषदेपासून सामान्य भाविकांना प्याला देणंच बंद होतं. त्यांना फक्त भाकरीची पातळ चकती मिळे, तीही थेट जिभेवर, पाद्रीच्या हातून. उष्ट्याचा प्रश्न उद्भवायला जागाच नव्हती. मग जात गेली कुठे? ती बाजूला सरकली. गोव्यातल्या काही चर्चमध्ये ती कोंफ्रारियांत, म्हणजे भक्तमंडळांत दिसते. कोणत्या मंडळाचं सभासदत्व कोणत्या जातीला, मिरवणुकीत लाल झगा कोणी घालायचा, सणाचा यजमान कोणी व्हायचं. पवित्र साक्रामेंताच्या नावाने असलेल्या मंडळांतसुद्धा असे जातीचे नियम होते. जो विधी एकत्र आणतो, त्याच्याच नावाच्या मंडळात दार वेगळं.

धडा असा: एखाद्या ठिकाणी वाद दिसत नाही म्हणजे विषमता नाही असं नसतं. विधीची बनावट पाहा. वाद कुठे होऊ शकतो हे बनावट ठरवते. सिंधुदुर्गातल्या एखाद्या जुन्या चर्चवर काम करायचं असेल तर प्याल्याचे वाद शोधू नका. सणाचा खर्च कोणी उचलला, क्रूस कोणी धरला, लग्नाच्या पंगती कशा बसल्या, हे विचारा.

आशा कागदावर कुठे सापडते?

'भावी गौरवाची आशा' ही मनातली गोष्ट. तिचा पुरावा कुठून आणायचा? दोन जागा सांगतो.

पहिली, साहित्य. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. त्यात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द येतो. नव्या ख्रिस्ती माणसाला पुढची आशा सांगायची तर त्याच्या आजीने ऐकलेल्या शब्दातच सांगावी लागली. भाकर परदेशी, पण आशा ओवीतली. पुढे 1684 च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंधनं आणली. तेव्हा भाषेबरोबर आशेचे हे ओळखीचे शब्दही अडचणीत आले, हे लक्षात ठेवा. मिस्सा स्थानिक भाषेत व्हायला 1963 नंतरच्या सुधारणांची वाट पाहावी लागली.

दुसरी जागा म्हणजे मृत्यूची नोंदवही. मरणाऱ्या माणसाला दिल्या जाणाऱ्या शेवटच्या कम्युनियनला लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ 'प्रवासाची शिदोरी'. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने पॅरिशने कोणत्या वह्या ठेवायच्या आणि कशा लिहायच्या हे ठरवून दिलं. त्यात मृत्यूच्या नोंदीत पापकबुली, शेवटचं कम्युनियन आणि तैलाभ्यंग मिळालं का, हे लिहायचं असतं. म्हणजे आशेची अक्षरशः नोंद आहे.

आता कोकणचा भूगोल या नोंदीवर ठेवून बघा. पावसाळा, खाड्या, तरीवरची ये-जा, चर्चपासून लांब वाडी. गलबतावर किंवा मुंबईत नोकरीला गेलेला माणूस. 1896 मध्ये मुंबईत आलेला प्लेग, 1918 चा इन्फ्लुएंझा. शिदोरी न मिळता गेलेल्यांच्या नोंदी कुठे आणि कधी वाढतात? 'संस्कार मिळाले नाहीत' या ओळीमागे अश्रद्धा असेल, अचानक मरण असेल, किंवा नुसती भरलेली खाडी असेल. त्या घरासाठी ही ओळ साधी नव्हती. आपला माणूस शिदोरीविना गेला, ही टोचणी त्यांना पुढे किती वर्षं राहिली असेल? दोन नोव्हेंबरला मृतांसाठी होणाऱ्या प्रार्थनांकडे या बाजूने बघितलं तर त्यांचं वजन कळतं.

आकड्यांबद्दल एक इशारा

मिशनच्या अहवालांत आणि चर्चच्या जुन्या याद्यांत 'कम्युनियन घेणारे' असा आकडा असतो. तो लोकसंख्या म्हणून वापरू नका. त्यात लहान मुलं नसतात, शिस्तभंगामुळे विधीपासून दूर ठेवलेली माणसं नसतात, शिकवणी चालू असलेले नसतात. शिवाय 'घेणारा' कोण याची व्याख्या बदलते. 1215 च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा, ईस्टरच्या काळात, कम्युनियन घेणं बंधनकारक केलं. 1905 मध्ये पोप दहावे पायस यांनी ते वारंवार, शक्य तर रोज घ्यायला उत्तेजन दिलं. 1910 मध्ये पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. म्हणजे 1910 नंतर एखाद्या पॅरिशमध्ये आकडा फुगलेला दिसला तर लगेच 'धर्मांतरं वाढली' असं लिहू नका. कदाचित फक्त मुलं रांगेत आली असतील.

दोन सोपी उत्तरं, आणि ती का टाळायची

आता मूळ मुद्द्यावर येतो. वेदीसमोर मालक आणि कूळ एकाच रांगेत गुडघे टेकतात. तीच चकती, तोच पाद्री, तीच आशा. बाहेर आल्यावर लग्न वेगळं, पंगत वेगळी. याचा अर्थ काय लावायचा?

एक सोपं उत्तर: आशा म्हणजे फसवणूक. 'वर गेल्यावर सगळे समान' असं सांगून खालची विषमता चालू ठेवली. दुसरं सोपं उत्तर: बघा, वेदीसमोर सगळे समान होते, म्हणजे चर्चने जात मोडली. दोन्ही उत्तरं एका परिच्छेदात लिहून होतात, म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

विसाराकडे परत जाऊ. विसार दिला की दोन गोष्टी होतात. व्यवहार पुढे ढकलला जातो हे खरं. पण देणाऱ्यावर बंधनही येतं. ज्याच्या हातात विसार आहे, तो उद्या दारात उभा राहून विचारू शकतो, 'ठरलं होतं ना?' वेदीसमोरची समानता ही अशी मागणी करायची सोय आहे. तिचा उपयोग कोणी केला, कधी केला, आणि कोणाला करू दिला नाही, हा इतिहासाचा प्रश्न. कोंफ्रारियात जागा मागणाऱ्यांच्या हातात नेमका हाच युक्तिवाद होता: एकाच प्रभूचा घास आम्ही घेतो, मग झगा का नाही? टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' उभा केला आणि बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही त्यात जागा ठेवली, तेव्हा त्यांनी हीच पंगत आणखी लांबवली. आणि याच किनाऱ्यावर, रत्नागिरीत, 1931 मध्ये पतितपावन मंदिर उघडलं आणि सहभोजनं झाली. तिथे धर्म वेगळा, पण प्रश्न तोच: एका पानावर कधी बसायचं, आज की पुढे?

तेव्हा तुमच्या टिपणवहीत चार प्रश्न लिहून ठेवा. विधीला कोणता शब्द वापरला जातो आणि तो ऐकणाऱ्याला काय वाटत असेल? विधीच्या बनावटीत वाद कुठे होऊ शकतो? नोंदीत कोण मोजलं गेलं आणि कोण नाही? आणि दिलेलं आश्वासन कोणी, कोणाकडे, कोणत्या शब्दांत मागितलं? हे चार प्रश्न वारीतल्या पंगतीला, दर्ग्यातल्या लंगरला, गावजेवणालाही लागू पडतात.

आणि एक शेवटची सूचना. चर्चच्या वह्या बघायला जाल तेव्हा त्या कोणाच्या तरी आजोबांच्या मरणाच्या नोंदी आहेत हे विसरू नका. परवानगी घ्या, हळू पानं उलटा. 'शिदोरी मिळाली' एवढीच ओळ सापडली तरी ती टिपून घ्या. कोणीतरी भरल्या पावसात खाडी ओलांडून ती पोचवली असेल.